मदत हवी आहे: बहिणीच्या रिसेप्शनचं जेवण दोन लाखांत कसं बसवावं? (मुंबई)

नमस्कार मंडळी,

धाकट्या बहिणीचं लग्न डिसेंबरात आहे. लग्न सकाळी पार्ल्याला, घरच्याच माणसांत. संध्याकाळी दादरला रिसेप्शन. आमचे नातेवाईक डोंबिवली-बदलापूरकडचे, मुलाकडचे वसई-विरारचे, म्हणून लोकलच्या दोन्ही लाइनवाल्यांना सोयीचं पडेल असं दादर. हॉलचा अ‍ॅडव्हान्स भरून झालाय. घोडं अडलंय ते जेवणापाशी.

हॉलचा केटरर ठरलेला आहे. बाहेरचा आणायचा तर हॉलवाल्यांना रॉयल्टी द्यावी लागते. शाकाहारी बुफेचा दर त्याने प्लेटला 750 रुपये सांगितलाय, मिनिमम गॅरंटी 350 प्लेटची, म्हणजे माणसं कमी आली तरी तेवढ्या प्लेटांचे पैसे द्यायचेच. म्हणजे 2,62,500 आणि 5 टक्के जीएसटी धरून 2,75,625. त्यात मॉकटेल, पाणीपुरी-चाट, चायनीज, पनीरच्या दोन भाज्या, नान, पुलाव, तीन गोड पदार्थ आणि आइस्क्रीम.

बाबा निवृत्त झालेत. कर्ज काढून लग्न नको, हे बहिणीने आधीच सांगून टाकलंय आणि मला ते मनापासून पटतं. पण माणसं कमी करायला आई-बाबा तयार नाहीत. गिरगावात ज्या चाळीत आम्ही वाढलो तिथल्या प्रत्येक घरी पत्रिका जाणार. आई कामाला जायची तेव्हा त्याच घरांतून आम्ही दोघी जेवलोय, त्यामुळे त्या यादीला मीही हात लावणार नाही.

एक काका म्हणतात, पूर्वी स्वागत समारंभाला नुसतं आइस्क्रीम असायचं, तसं करा. पण ऑफिसातून सुटून थेट लोकलने येणारा माणूस रात्री आठ वाजता आइस्क्रीम खाऊन विरारला कसा परत जाईल? पोटभर जेवण हवंच. मेनू कमी केला तर दर खरंच उतरतो का? आणि गॅरंटीचा आकडा कसा ठरवायचा? अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद: मुलुंडकर

ताई, माझ्या मामांचा केटरिंगचा व्यवसाय होता, सुट्टीत मी त्यांच्याबरोबर जायचो. एक गोड पदार्थ काढून दर फारसा हलत नाही, कारण पाहुणा तेवढंच दुसरं काहीतरी खातो. पैसे जातात ते काउंटरवर. प्रत्येक लाइव्ह काउंटरला वेगळा माणूस, वेगळी शेगडी, वेगळा माल. चाट आणि चायनीज दोन्ही काढा आणि मग दर विचारा. लोक चाटवर पोट भरतात आणि पनीर उरतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मेनू आपला ठेवा. तोंडली घातलेला मसालेभात, बटाट्याची सुकी भाजी, अळूची पातळ भाजी नाहीतर वालाचं बिरडं, पुऱ्या, कोशिंबीर, गरम जिलबी आणि मठ्ठा. डिसेंबरात मटार स्वस्त आणि गोड असतो, पनीरची एक भाजी काढून मटारची उसळ घ्या. मॉकटेलऐवजी कोकम सरबत. चाळीतली म्हातारी माणसं हे जेवण जास्त आनंदाने जेवतील. त्यांच्यासाठी भिंतीलगत खुर्च्या-टेबलं मांडून वाढायला सांगा, हातात प्लेट धरून उभ्याने त्यांना जेवता येत नाही.

बाटलीबंद पाणी वेगळं लावलंय का तेही बघा. लोक दोन घोट पिऊन बाटली ठेवून देतात. त्यापेक्षा जार आणि ग्लास बरे.

प्रतिसाद: ठाण्याची सुगरण

गॅरंटी 350 ची अजिबात देऊ नकोस गं. यादी घेऊन बस आणि प्रत्येक नावापुढे लिही: नक्की, बहुतेक, कठीण. बदलापूर आणि विरारची माणसं आठवड्यातल्या वारी असतील तर घरटी एकच येतं, परतीच्या गाडीची चिंता असते. रविवार असेल तर सकाळच्या लग्नाला मेगाब्लॉकमुळे (रुळांच्या दुरुस्तीसाठी गाड्या बंद) न पोचलेले लोक संध्याकाळी हमखास येतात, तेही धर. जो आकडा येईल त्याच्या थोडी खालीच गॅरंटी दे, आणि वरची दहा टक्के माणसं त्याच दराने जेवतील हे लेखी घे. मोघम बोलणं नको.

आणि जेवण सात वाजताच सुरू करा. स्टेजवरची रांग संपेपर्यंत थांबवलं की सगळे एकदम तुटून पडतात आणि गोंधळात प्लेटा वाढतात.

धागालेखिका:

दोघांचे खूप आभार! आज केटररशी बोलले. दोन्ही काउंटर काढून जिलबी-मठ्ठ्याचा मेनू 620 ला द्यायला तयार आहे. यादीवर खुणा केल्या तर 290 च्या आसपास येतात, गॅरंटी 270 ची मागितलीय, तो 280 म्हणतोय. 280 धरले तरी जीएसटीसकट 1,82,280 होतात! आईला मेनू वाचून दाखवला, ती बिरड्यावर खूष आहे. आता प्लेटा मोजायच्या कशा आणि अन्न उरलं तर काय करायचं, एवढंच सांगा.

प्रतिसाद: मुलुंडकर

280 ला हो म्हणा, दर चांगला आहे. जेवण सुरू व्हायच्या आधी तुमच्यातल्या एकाने केटररच्या माणसासमोर स्वच्छ प्लेटा मोजून कागदावर दोघांची सही घ्यावी. शेवटी उरलेल्या प्लेटा वजा करायच्या. हे काम नवरीच्या भावंडांकडे नको, तुम्ही फोटोत अडकाल. एखादा चुलतभाऊ द्या. दुसऱ्यांदा वाढून घेणारा नवी प्लेट उचलतो आणि ती तुमच्या बिलात चढते, म्हणून प्लेटांपाशी वाढप्याला उभं करा.

उरलेलं अन्न तुमचं, हेही करारात लिहून घ्या, काही केटरर देत नाहीत. मुंबईत रोटी बँक असं अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोचवते, पण त्यांना आदल्या दिवशीच कळवून वेळ विचारून ठेवा. रात्री अकराला फोन करून उपयोग नाही. मठ्ठा, कोशिंबीर देऊ नका, भात-भाजी-पुऱ्या झाकून वेगळ्या काढायला केटररला आधीच सांगा. घरी न्यायला मोठे डबे सकाळीच हॉलवर पोचवा.