मदत हवी आहे: स्प्लेंडरच्या ऑईल नटचे आटे गेले. कॉइल, बुश की मोठा बोल्ट?

मंडळी, गाडी वडिलांची. हिरो होंडा स्प्लेंडर, 2006 चं मॉडेल. इंजिन अजून एकदाही उघडलेलं नाही आणि उघडावं लागू नये, हीच सगळी धडपड आहे.

मागच्या वेळी ऑईल बदललं तेव्हापासून पार्किंगच्या फरशीवर काळा डाग पडायला लागला. (सोलापुरात विजापूर रोडला राहतो. सोसायटीने पार्किंग नुकतंच धुऊन घेतलं होतं, त्यामुळे डाग माझ्याआधी सेक्रेटरींना दिसला.) ज्याने ऑईल बदललं त्याच्याकडेच परत नेली. त्याने लांब पाना लावून ऑईल नट (इंजिनच्या तळाचा, ज्यातून ऑईल सोडतात तो) आणखी आवळला, तर तो नुसता फिरतच राहिला. "टेफ्लॉन गुंडाळतो, चालून जाईल," म्हणाला. मी नको म्हटलं आणि गाडी ढकलत घरी आणली.

ऑईल काढताना नट हातानेच सुटला. त्याच्या खाचांत अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार बसलेली होती, दातकोरण्याने उचकटली तर अखंड वेटोळं निघालं. भोकात बॅटरी मारून बघितलं: तोंडापासचे आटे साफ सपाट, अगदी आत एक-दोन शिल्लक दिसतात.

चौकशी केली तेव्हा चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या. एक म्हणतो 14 मिलिमीटरचा मोठा बोल्ट टाका, दुसरा म्हणतो हेलिकॉइल (भोकात बसवायचं तारेचं वेटोळं, तेच नवे आटे होतं), तिसरा लेथवर बुश (आतून-बाहेरून आटे असलेली नळी) बनवून देतो म्हणतो, चौथ्याला आर्गन वेल्डिंग करायचं आहे. क्रँककेस (इंजिनचं खालचं कवच, ज्यात हा नट बसतो) बदलायची म्हटली तर पूर्ण इंजिन फोडावं लागेल, शिवाय इंजिन नंबर त्याच्यावरच कोरलेला, म्हणजे आरटीओचे हेलपाटे. रोज चिंचोळी एमआयडीसीला जायचं असतं, तेव्हा काम टिकाऊ हवं. यातलं नेमकं काय करू?

जुना_जॉबर
मालक, आधी तो नट फेकू नका, जपून ठेवा. तुमचा मूळ नट 12 मिलिमीटरचा आणि 1.5 पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर दीड मिलिमीटर. बाजारात 12 चाच पण 1.25 पिचचा बोल्ट सर्रास मिळतो. तो दोन फेरे गोडीत जातो, मग जड लागतो, आणि गडी समजतो की बसला. पुढे पाना लावला की बोल्ट पोलादाचा, भोक अ‍ॅल्युमिनियमचं, मरतं कोण ते सांगायला नको. नवा कंपनीचा नट आणा आणि दोघांचे आटे एकमेकांत अडकवून उजेडात धरा. मध्ये फट दिसली तर तुमचा चोर सापडला.

दोनशे_सीसी
+1. आणि आर्गनचं नाव काढू नका. वीस वर्षं ऑईल प्यायलेलं कास्टिंग आहे ते. कितीही धुतलं तरी तापल्यावर आतलं तेल वर येतं आणि वेल्डमध्ये बुडबुडे राहतात. शिवाय नीट करायचं तर इंजिन खोलावंच लागतं.

गुण्या_आणि_टॅप
अक्कलकोट रोडला वर्कशॉप आहे, लूमचे पार्ट करतो, त्यामुळे मेलेले आटे हा रोजचा विषय. 14 चा बोल्ट की कॉइल, या वादात एक गोष्ट कुणी सांगत नाही म्हणून लिहितो.

एरवी कॉइलच्या बाजूने बोलताना म्हणतात की मोठ्या बोल्टपेक्षा कमी धातू काढावा लागतो. ते 6 च्या बोल्टला खरं आहे. तिथे कॉइलसाठी साधारण 6.3 चं ड्रिल लागतं, 8 चा बोल्ट टाकायचा तर 6.8 चं. पण तुमच्या मापाला हिशेब वेगळा. 12 × 1.5 च्या कॉइलचा टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) बाहेरून जवळजवळ 13.95 मिलिमीटर भरतो. म्हणजे 14 × 1.5 च्या टॅपइतकाच! दोन्हींत धातू सारखाच जाणार.

मग फरक कशात? 14 चा बोल्ट टाकला तर आटे पुन्हा अ‍ॅल्युमिनियमचेच. दर ऑईल बदलीला त्यावरच घासाघीस होणार, आणि ते गेले की पुढच्या मापाला भोवती भिंत उरेल याची खात्री नाही. कॉइल टाकली तर ती अ‍ॅल्युमिनियममध्ये कायमची बसते, नट फिरतो तो स्टेनलेसच्या आट्यांवर. नटही मूळ मापाचाच राहतो, उद्या कुठेही बदलता येतो. मी कॉइलच टाकेन. बुश वाईट नाही, पण त्याला बाहेरून 16 च्या आसपास भोक लागेल. तो पत्ता शेवटी ठेवा.

धागाकर्ता
जॉबरसाहेब, तुम्ही मनकवडे निघालात. नवा नट आणून लावून बघितला, फट स्पष्ट दिसते. जुना 1.25 चाच आहे.

गुण्यासाहेब, कॉइल करायचं ठरवतो. ओळखीचा एक टर्नर म्हणतो गाडी आडवी पाडून करू, टॅप सरळ जाईल. ऑईल गळून तर गेलंच आहे. आडवी पाडू का?

गुण्या_आणि_टॅप
अजिबात नको! आडवी पाडली की चुरा सरळ इंजिनात. गाडी मेन स्टँडवर, खाली दोन लाकडी ठोकळे, आणि माणूस जमिनीवर. उकाड्यात त्रास होईल, होऊ द्या.

ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत ग्रीस भरायचं, म्हणजे चुरा त्याला चिकटून बाहेर येतो. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, आणि दर दोन-तीन फेऱ्यांनी टॅप काढून पुसायचा, नवं ग्रीस भरायचं. सुरुवातीलाच दोन बाजूंनी गुण्या लावून टॅप उभा आहे का बघा. तिरका गेला तर वॉशर एका कडेला टेकतो आणि कॉइल कितीही चांगली असो, गळणारच.

कॉइल तोंडाच्या पातळीपासून पाव ते अर्धा फेरा आत राहिली पाहिजे. वर डोकावली तर वॉशर बसणार नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॉइलच्या आतल्या टोकाला एक आडवी जीभ असते, ती शेवटी मोडून काढतात. भोक आरपार आहे, तेव्हा ती पडली तर इंजिनात पडेल. स्टेनलेस असल्याने चुंबकाला नीट लागतही नाही. लांब चिमट्यात धरून मगच मोडायला सांगा, आणि तुकडा हातात घेऊन बघा.

दोनशे_सीसी
यात भर: स्प्लेंडरला कागदी ऑईल फिल्टर नसतो. जाळी आणि क्रँकवर फिरणारा सेंट्रिफ्युगल फिल्टर, एवढंच. म्हणून नट लावायच्या आधी वरून थोडं स्वस्त ऑईल ओतून खालून सोडून द्या, दोन वेळा. इंजिन चालू न करता. पहिलं ऑईलही लवकरच बदला.

नवी_पेठ_वाला
धागा वाचतोय. माझ्या अ‍ॅक्टिव्हाचा स्पार्क प्लग काढताना जड येतोय, तिथेही हेच होईल का? प्लगवर कॉपर ग्रीस लावू का?

जुना_जॉबर
इंजिन थंड असताना काढा, सकाळी. अ‍ॅल्युमिनियम तापून पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, गरम हेडमधून प्लग ओढला की आटे सोबत येतात. अर्धा फेरा सैल करून मुळाशी डब्ल्यूडी-40 सोडा, थोडं थांबा, मग पुढे-मागे करत काढा. कॉपर ग्रीस नको. हल्लीच्या प्लगला मुलामा असतो, वर ग्रीस लावलं की घर्षण कमी होतं आणि त्याच ताकदीत प्लग जास्त आवळला जातो. नवा प्लग बोटांनी शेवटपर्यंत न्यायचा, मग पान्याने अर्ध्या फेऱ्याच्या थोडं पुढे. बोटांनी जात नसेल तर तो तिरका लागलाय, थांबायचं.

धागाकर्ते, तुमच्या नटलाही हेच. आधी उलटा फिरवायचा, आटा टक्कन खाली बसल्याचं बोटाला कळतं, तिथून सुलटा. वॉशर दर वेळी नवा, नाहीतर गळती थांबवायला माणूस नटच आवळत बसतो. टॉर्क पाना मिळाला तर 25 न्यूटन मीटरच्या आसपास ठेवा. नसेल तर आखूड रिंग पाना, एका हाताने. हवेची गन दिसली की गाडी परत वळवायची.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. 12 × 1.5 ची कॉइल आणि तिचा टॅप नवी पेठेत विचारला, सुटा मिळत नाही, पूर्ण किट घ्या म्हणतात. सोलापुरात कुणी सुटी कॉइल देत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. गुण्यासाहेब, तुमच्याकडे टॅप असेल तर रविवारी ठोकळे घेऊन मीच येतो.