मदत हवी आहे: हैतीला मान्यता द्यायला अमेरिकेने १८६२ का उजाडू दिलं?

नमस्कार. मी अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. गेल्या आठवड्यात वर्गात मन्रो सिद्धान्त चालू होता. अमेरिका खंडांत युरोपने नव्या वसाहती करू नयेत, स्वतंत्र झालेल्या देशांना हात लावू नये, हा अध्यक्ष मन्रो यांचा २ डिसेंबर १८२३ चा संदेश. त्याआधी अमेरिकेने कोणाकोणाला मान्यता दिली, ते फळ्यावर लिहिलं: १८२२ मध्ये कोलंबिया आणि मेक्सिको, १८२३ च्या जानेवारीत चिली आणि ब्वेनोस आयरेस (आजचं अर्जेंटिना). एका मुलीने हात वर केला. "मॅडम, हैती तर फ्रान्सपासून १८०४ लाच स्वतंत्र झाला होता ना? मग तो कुठेय?"

गुलामगिरीमुळे, असं मी सांगितलं; हैती गुलामांच्या उठावातून उभा राहिलेला देश, आणि अमेरिकेत तर गुलामगिरी चालू होती. पण घरी आल्यावर ते उत्तर मलाच तोकडं वाटायला लागलं.

कारण हीच अमेरिका आधी त्या उठावाचा नेता तूसाँ लूव्हेर्त्युर याच्या बाजूने होती. ॲडम्स अध्यक्ष असताना, १८०० मध्ये, अमेरिकी युद्धनौकेने हैतीतल्या जाकमेल बंदरात त्याच्या शत्रूच्या किल्ल्यांवर तोफा डागल्या. पुढे नेपोलियनचं सैन्य त्या बेटावर पिवळ्या तापाने आणि लढाईत संपलं, म्हणून तर १८०३ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातलं लुइझियाना दीड कोटी डॉलरला अमेरिकेच्या पदरात पडलं. आणि १८०६ मध्ये अध्यक्ष जेफरसनच्या काळात त्याच हैतीशी व्यापारबंदी!

फ्रान्सला दुखवायचं नव्हतं, हे एक कारण पटतं. पण १८२५ मध्ये खुद्द फ्रान्सने १५ कोटी फ्रँकची भरपाई कबूल करून घेऊन मान्यता दिली. त्यानंतरही ३७ वर्षं? मुलांना हे कसं समजावू? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

मॅडम, तुमचं उत्तर चूक नाही, फक्त ते सिनेटपर्यंत, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरिष्ठ सभागृहापर्यंत, न्यायला हवं. राजदूताच्या नेमणुकीला सिनेटची संमती लागते आणि तिथे गुलामगिरीवाल्या राज्यांचं वजन होतं. १८२६ मध्ये लॅटिन अमेरिकेतल्या नव्या देशांच्या पनामा परिषदेला प्रतिनिधी पाठवायचे का, यावर वाद झाला, तेव्हा मिसूरीचे सिनेटर बेंटन उघड म्हणाले की आपण हैतीची कॉफी घेतो, पैसे देतो, पण वकील-राजदूतांची देवाणघेवाण करत नाही. काळा राजदूत वॉशिंग्टनमध्ये मानाने वावरताना दक्षिणेतल्या गुलामांना दिसू नये, हीच खरी धास्ती. १८२२ मध्येच दक्षिणेतल्या चार्ल्सटनमध्ये, गुलामीतून सुटलेल्या डेन्मार्क व्हेसी या माणसाचा गुलामांच्या उठावाचा कट उघडकीला आला होता, आणि त्याच्या माणसांचा बेत उठावानंतर हैतीला निघून जायचा होता.

१८६१ मध्ये दक्षिणेची राज्यं फुटली, त्यांचे बहुतेक सभासद सिनेटमधून उठून गेले. पुढच्याच वर्षी गुलामगिरीविरोधी सिनेटर समनर यांनी हैती आणि लायबेरियाच्या मान्यतेचा कायदा करून घेतला. वर्गात या दोन तारखा शेजारी-शेजारी लिहा.

दक्षिण अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता बोलिव्हार याचंही सांगा. हैतीचा अध्यक्ष पेत्यों याने त्याला शस्त्रं दिली, अट एकच, गुलाम मुक्त कर. तरी त्यानेच बोलावलेल्या पनामाच्या परिषदेचं निमंत्रण हैतीला गेलं नाही.

धागाकर्ती

मनापासून आभार. सिनेटचा धागा माझ्याकडून पूर्ण निसटला होता. एकच विचारते, व्यापार चालू होता तर तिथे अमेरिकेचं काम बघायचं कोण?

प्रतिसाद

व्यापारी एजंट. राजदूताचा दर्जा नसलेले. १८६९ मध्ये तिथे एबेनेझर बॅसेट गेले, अमेरिकेचे पहिले कृष्णवर्णीय राजनैतिक प्रतिनिधी. त्या मुलीला हे नाव नक्की सांगा.