मदत हवी आहे: अ‍ॅक्रिलिकच्या घरगुती रिझर्व्हॉयरला जोडाजवळ बारीक चिरा

नमस्कार मंडळी,

पीसीच्या वॉटर कूलिंगसाठी अ‍ॅक्रिलिकची टाकी (रिझर्व्हॉयर) घरीच बनवतोय. बाजारातल्या गोल टाक्या माझ्या कॅबिनेटमध्ये रेडिएटर आणि ग्राफिक्स कार्डाच्या मधल्या जागेत बसत नाहीत, म्हणून चौकोनी पेटी. बाहेरून २०० × ८० × ६० मिमी, शीट ८ मिमी कास्ट, आत साधारण अर्धा लिटर पाणी. पंप डी५ मॉडेलचा, टाकीच्या खाली. रेडिएटर आणि ब्लॉक (चिपवर बसणारा, पाणी खेळवणारा ठोकळा) तांब्याचेच घेतलेत, लूपमध्ये, म्हणजे पाण्याच्या फेऱ्यात, अ‍ॅल्युमिनियम कुठेच नाही.

खरी अडचण जोडाची. साइनबोर्डवाल्याकडून तुकडे लेझरवर कापून आणले आणि तो करतो तसाच, सिरिंजने क्लोरोफॉर्म सोडून नमुन्याचा जोड केला. (खिडक्या उघड्या ठेवून, हातमोजे घालून.) क्लोरोफॉर्म फटीत सरसर ओढला गेला, जोड काचेसारखा स्वच्छ दिसला. दुसऱ्या दिवशी टॉर्च तिरपा धरून पाहिलं तर कडेपासून आत जाणाऱ्या, केसाएवढ्या चंदेरी रेषा, एकीला एक लागून. करवतीने कापून पॉलिश पेपरने घासलेल्या कडेच्या जोडात एकही रेष नाही. म्हणजे लेझरच्या उष्णतेने कडेत ताण राहतो आणि सॉल्व्हंट (इथे क्लोरोफॉर्म) लागला की तो ताण चिरांच्या रूपात बाहेर येतो, असं मला वाटतं.

यावर दोन उपाय दिसतात. एक, लेझरची कड १-२ मिमी घासून काढायची. दुसरा, जोडण्याआधी सगळे तुकडे ८० अंशांवर काही तास ठेवून हळूहळू थंड करायचे. घरात ओटीजी (छोटा ओव्हन) आहे, पण त्याच्या काट्यावर भरवसा नाही, आणि अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं. कुणी ओटीजीत हे केलंय का? तापमान कसं सांभाळलं? तुकडे कशावर ठेवले, की पत्र्याचा ठसा उमटू नये?

आता आटे. फिटिंग जी १/४ चे, म्हणजे समांतर आटे, पाणी अडवायचं काम ओ-रिंगचं (रबरी कडीचं). हार्डवेअरच्या दुकानात ‘पाव इंची बीएसपी’ म्हटलं की आटे पाडायचा निमुळता टॅप हातात देतात. तो पाइपला ठीक, पण अ‍ॅक्रिलिकमध्ये पाचरीसारखा घुसून भोक फोडेल. समांतर टॅप पुणे-मुंबईत कुठे मिळतो? त्याआधी ११.८ मिमीचं ड्रिल मारणार आहे. साधा बिट अ‍ॅक्रिलिक ओरबाडतो म्हणून त्याची धार आधी बोथट करावी असं वाचलंय, ते पटतंही, पण किती बोथट?

शेवटचं, गळतीची चाचणी. लोक ०.३ बार हवा भरून बघतात. गोल टाकीला ते चालतं, पण माझ्या पेटीच्या मोठ्या बाजूवर तेवढ्या दाबाने सुमारे ३६ किलोंचा भार येतो. टाकी पंपाच्या आधी असल्याने वापरात तिच्यावर एवढा दाब येणारच नाही, म्हणून फक्त पाणी भरून कागदावर रात्रभर ठेवावी, असा विचार आहे. हे पुरेसं आहे का? शेजारीच महागडं ग्राफिक्स कार्ड आहे, म्हणून विचारतोय.

केलेल्या टाकीचे, विशेषतः जोडाचे जवळून काढलेले फोटो कुणाकडे असतील तर नक्की टाका. पुढचे तुकडे कापायला देण्याआधी बघायचे आहेत.