'फँड्री'चा शेवटचा दगड तुमच्याकडे आला तेव्हा

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी महाराष्ट्रात प्रदर्शित झाला. प्रसिद्धीसाठी केलेले अजय-अतुल यांचे गाणे तेव्हा घरोघरी वाजत होते, आणि ते ऐकून आम्ही मैत्रिणी पुण्यातल्या एका चित्रपटगृहात कोवळ्या वयाची प्रेमकथा पाहायची म्हणून गेलो. कैकाडी घरातल्या शाळकरी जब्याला शालू आवडते, तिला वश करण्यासाठी काळ्या चिमणीची राख हवी, अंगात जीन्स हवी, इथवर सारे आमच्या मनासारखे चालले होते. मग शाळेजवळ जब्याचे सगळे कुटुंब डुकरे धरायला उतरते, तो लांबलचक प्रसंग सुरू झाला. डुक्कर निसटायचे, जब्याचा बाप कचरू धापा टाकत मागे धावायचा, बघायला जमलेली पोरे आरडाओरडा करायची आणि प्रत्येक वेळी आमच्या रांगेत हशा पिकायचा. त्या हशात मीही होते. शेवटी चिडवणाऱ्यांवर दगड भिरकावत सुटलेला जब्या एक दगड सरळ आपल्या दिशेने फेकतो आणि पडदा काळा होतो. दिवे लागल्यावर आमच्यापैकी कोणीही कोणाकडे पाहिले नाही. मघाशी हसलेलो आपण पडद्यावरच्या त्या पोरांच्याच शेजारी बसलो होतो, हे मला जिना उतरताना कळले, आणि ती बोच आजही गेलेली नाही.

चित्रपट म्हणून 'फँड्री' कसा आहे, यावर पुष्कळ लिहून झाले आहे. मला तुमच्याकडून हवे आहे ते वेगळे. त्या काही मिनिटांत तुमच्या आजूबाजूला काय घडले, तुम्ही काय केलेत आणि घरी गेल्यावर काय आठवले, ते कृपया नीट आठवून लिहावे, असे मी कळवले होते. आलेली काही उत्तरे पुढे देत आहे.

निवृत्त मराठी शिक्षिका, सोलापूर जिल्हा

माझे लक्ष दगडापेक्षा वर्गातल्या प्रसंगाने अधिक वेधले. गुरुजी चोखोबांचा 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा' हा अभंग शिकवत आहेत आणि त्याच वर्गात जब्या बसला आहे. हा अभंग मी स्वतः अनेक वर्षे शिकवला. 'काय भुललासी वरलिया रंगा' या ओळीचा अर्थ फळ्यावर लिहून द्यायचे, मुले तो वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत पुरे गुण मिळवायची. एके वर्षी माझ्या वर्गात दाराजवळच्या पट्टीवर बसणारा एक मुलगा होता. हजेरीत त्याचे नाव आले की मागच्या बाकांवरून नाकातून काढलेला एक बारीक आवाज यायचा. मी 'शांत बसा' एवढेच म्हणत असे, कारण मला तो नेहमीचा वात्रटपणा वाटे. दिवाळीच्या सुट्टीनंतर तो मुलगा शाळेत आला नाही, आणि मी त्याच्या नावापुढे निमूटपणे गैरहजेरी मांडत राहिले. तो आवाज डुकराचा होता, हे मला चित्रपटगृहात, पडद्यावरची मुले जब्याला चिडवू लागली तेव्हा उमगले. मध्ये पंधराहून अधिक वर्षे गेली होती. मी चोखोबा शिकवत होते आणि माझ्या वर्गात ते चालले होते, याहून अधिक मला काही लिहिता येत नाही.

बँक कर्मचारी, नाशिक

डुक्कर अगदी हाताशी आलेले असते आणि शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, त्या प्रसंगाविषयी लिहितो. जब्या जागच्या जागी उभा राहतो, पाठोपाठ घरातले सगळे थांबतात आणि डुक्कर निवांत चालत निघून जाते. आपल्याकडे चित्रपटाच्या आधी राष्ट्रगीत होतेच, त्यासाठी आम्ही एकदा उभे राहिलो होतो. आता पडद्यातून पुन्हा तेच सूर आल्यावर काही जण झटकन उठले, काही अर्धवट उठून शेजाऱ्याकडे पाहू लागले, काही बसूनच राहिले. मी उठलो. माझ्या पुढच्या रांगेतले एक वयस्कर गृहस्थ हातातला चहाचा कागदी पेला खुर्चीच्या दांडीवर ठेवण्याच्या धडपडीत होते, तो कलंडला आणि चहा त्यांच्या पायावर सांडला, तरी ते हात सरळ ठेवून ताठ उभे राहिले. पडद्यावर ज्यांचे पोट त्या डुकरावर अवलंबून होते, ती माणसेही तशीच ताठ उभी होती. गीत संपल्यावर आम्ही पुन्हा मऊ खुर्च्यांत बसलो, आणि ती माणसे पुन्हा चिखलातून धावू लागली. सुरुवातीला थोडे हसू आले होते, ते तिथेच विरले.

अभियंता, कैकाडी समाजातील, मूळ गाव सोलापूर जिल्हा, सध्या पिंपरी

'फँड्री' म्हणजे आमच्या कैकाडी बोलीत डुक्कर. हा शब्द आम्ही घरात, तोही दार लोटून घेतल्यावर वापरत असू. आजी टोपल्या विणताना आपल्या बोलीत काही मोठ्याने बोलली की वडील तिला हळू बोलायला सांगत. तोच शब्द पुण्याच्या रस्त्यावर फलकावर हातभर अक्षरांत दिसला तेव्हा मी मोटारसायकल बाजूला घेऊन काही वेळ नुसता पाहत उभा राहिलो.

अनेकांनी जब्याचा शेवटचा दगड 'हिंसक' आहे असे म्हटले, म्हणून हे सांगणे मला आवश्यक वाटते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आमच्यासारख्या जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. माझ्या पणजोबांच्या पिढीला सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआड राहून हजेरी द्यावी लागे. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. विदर्भातील काही जिल्ह्यांत आम्ही अनुसूचित जातीत मोडतो आणि उर्वरित महाराष्ट्रात विमुक्त जातीत, परंतु गावात चोरी झाली की पोलीस आधी कोणाच्या दारात येतात, हे कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते. ज्यांच्या घराण्याने कधी कोणावर हात उगारला नाही, त्यांना दीडशे वर्षे हिंसक म्हटले गेले. सगळा चित्रपटभर मार खाल्लेल्या मुलाने एक दगड उचलला, तर त्या शब्दाची सर्वांना लगेच आठवण व्हावी, याचे मला दुःख वाटते.

चित्रपट मी वडिलांसोबत पाहिला. काठीला बांधलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जब्या आणि त्याच्या घरचे फुले, शाहू, आंबेडकरांची चित्रे रंगवलेल्या शाळेच्या भिंतीसमोरून जातात, तेव्हा वडिलांनी माझा हात धरला. माझ्या आठवणीत त्यांनी त्याआधी कधी माझा हात असा धरला नव्हता.

शेतकरी, सातारा जिल्हा

माझे मत निराळे आहे आणि ते मी प्रामाणिकपणे मांडतो. दगड माझ्याकडे आला याचा मला राग आला. आमच्या घरात कोणी कोणाला शिवाशिव केली नाही, मग मला का, असे वाटले. परतीच्या एसटीत बायको म्हणाली, "आपल्याकडं गड्याचा कप अजून वळचणीलाच असतो की." घरी पोचल्यावर मी तो कप काढून फडताळात इतर कपांबरोबर ठेवला. राग मात्र अजून पुरता गेलेला नाही, हेही खरे.

विद्यार्थिनी, जर्मनी

विद्यापीठातील चित्रपट मंडळात उपशीर्षकांसह हा चित्रपट दाखवला, तेव्हा मी तेथे एकटीच मराठी होते. डुकरे धरण्याच्या प्रसंगात एकही माणूस हसला नाही. नंतर एका मुलीने मला विचारले की, दगड उचलायला जब्या इतका वेळ का थांबला. मी उत्तर द्यायला सुरुवात केली आणि तीन वाक्यांनंतर थांबले.

नोकरदार, मूळ गाव अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा

मी त्या बघ्यांमधला आहे. आमच्या गावात जत्रेच्या आधी डुकरे धरायला एकाच घरातली माणसे यायची आणि आम्ही सातवी-आठवीतली पोरे शाळेच्या भिंतीवर रांगेने बसायचो. त्या घरातला मुलगा माझ्याच वर्गात होता. मी त्याला नावाने हाक मारून "तिकडून गेलं, तिकडून!" असे मुद्दाम चुकीच्या दिशेला सांगत असे, आणि तो खरे मानून धावत असे. चित्रपट पाहताना पडद्यावरच्या पोरांच्या तोंडून मला माझाच आवाज ऐकू आला. मी मध्येच उठून बाहेर गेलो. त्यामुळे शेवटचा दगड मी त्या दिवशी पाहिलाच नाही, पुढे दोन वर्षांनी धीर करून पाहिला.

त्याच वर्षी दिवाळीत गावी गेलो असताना तो मुलगा भेटला. आता तो टेंपो चालवतो. मला माफी मागायची होती, परंतु तोंडून शब्द फुटेना, म्हणून मी विचारले, "'फँड्री' पाहिलास का रे?"

तो गाडीची काच पुसत होता. पुसता पुसताच म्हणाला, "न्हाय. त्यात काय हाय ते मला ठावं हाय. तू बगितलास, बरं केलंस."