क्लाउडमधल्या क्यूंची नोंदवही माणसाने ठेवावी की यंत्राने?

धागा मांडणारे : वर्धा रोड, नागपूर

गेल्या अंबिया बहारात कळमन्याच्या बाजारात संत्री घेऊन येणाऱ्या शेतकऱ्यांच्या मोबाइलवर हिशोबपट्टी पाठवणाऱ्या एका प्रणालीची देखभाल आमच्याकडे होती. पट्टी तयार झाली की तिचा मेसेज अॅमेझॉनच्या एसक्यूएस या क्लाउड सेवेतल्या क्यूमध्ये, म्हणजे मेसेजच्या रांगेत, पडायचा, दुसरा प्रोग्राम तो उचलून पुढे पाठवायचा, आणि सहा वेळा प्रयत्न करूनही जो जाणार नाही तो डेड लेटर क्यूमध्ये टाकला जायचा. ही डेड लेटर क्यू कोणीतरी घाईत हाताने बनवलेली होती. तिचे नाव होते ‘टेस्ट-न्यू-२’. आमच्या एक्सेलच्या यादीत ती नव्हती आणि तिच्यावर अलार्मही नव्हता.

एका गुरुवारी दुपारी एसएमएस पाठवणारा दुवा तुटला. दोन प्रयत्नांमधले अंतर कोणीतरी १२ तासांचे करून ठेवले होते, त्यामुळे सहा प्रयत्न संपून मेसेज डेड लेटर क्यूत पोहोचायला रविवार उजाडला. साध्या, म्हणजे फिफो (मेसेजचा क्रम काटेकोर पाळणारी) नसलेल्या, क्यूमधून डेड लेटर क्यूत गेलेल्या मेसेजचे वय नव्याने मोजले जात नाही; ते मूळ क्यूत पडल्या क्षणापासूनच मोजले जाते. मेसेज टिकण्याची दोन्ही क्यूंची मुदत न बदललेली, म्हणजे ४ दिवसांची होती. तीन दिवस मूळ क्यूत गेले आणि डेड लेटर क्यूत वाट्याला एकच दिवस आला. मंगळवारी सकाळी आम्हाला त्या क्यूचा पत्ता लागला तेव्हा ती रिकामी होती. कोणाकोणाची पट्टी पोहोचली नाही हे अडत्यांच्या वह्यांशी ताडून पाहण्यात आमचे दोन दिवस गेले, आणि तोवर लांबून आलेले शेतकरी पैशांचा हिशोब विचारायला पुन्हा बाजारात चकरा मारत होते. ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवता येते, पण जी क्यू आहे हेच ठाऊक नाही तिची मुदत वाढवणार कोण?

म्हणून माझे स्पष्ट मत आहे की प्रत्येक अकाउंटमधल्या आणि प्रत्येक रीजनमधल्या (क्लाउडच्या भौगोलिक विभागातल्या) सर्व क्यू, टॉपिक (जिथे टाकलेला मेसेज अनेकांकडे जातो) आणि सबस्क्रिप्शन (टॉपिकचे मेसेज कोणाकडे जातील याची जोडणी) रोज रात्री यंत्राने शोधून नोंदवणे प्रत्येक चमूला बंधनकारक असावे. हाताने भरलेल्या यादीत भरणाऱ्याला जे आठवते तेवढेच असते.

प्रतिसाद १ : धरमपेठ

आपल्या अनुभवाबद्दल मनापासून वाईट वाटते, तरीही निष्कर्षाशी मी सहमत नाही. दोष यादीचा नव्हता. कन्सोलमध्ये, म्हणजे क्लाउडच्या वेबपानावर, जाऊन हाताने क्यू बनवण्याची मुभा होती, हा दोष होता. आमच्याकडे प्रत्येक क्यू टेराफॉर्ममध्ये, म्हणजे क्लाउडमधल्या वस्तू कोडवरून बनवणाऱ्या साधनात, लिहिली जाते, दुसरा माणूस ती तपासतो, आणि मगच ती बनते. कोड हीच आमची नोंदवही आहे, आणि तिच्यात ती क्यू का बनवली हेही सापडते. आधी वाटेल ते बनू द्यायचे आणि रात्री यंत्राने वेचत फिरायचे, अशी सवय एकदा लागली की शिस्त कायमची सुटते. कुंपण घालायचे सोडून गुरे मोजण्यात काय अर्थ आहे?

धागा मांडणारे

धरमपेठकर, कुंपण हवेच. परंतु टेराफॉर्मला त्याच्या स्टेटमध्ये, म्हणजे तो सांभाळत असलेल्या वस्तूंच्या यादीत, नोंदलेल्या वस्तूच दिसतात. हाताने बनवलेली क्यू त्याच्या लेखी अस्तित्वातच नसते, त्यामुळे ‘काही बदल नाही’ हे त्याचे उत्तर खरे असूनही दिशाभूल करते. शिवाय आमच्यासारख्या चमूंना दुसऱ्यांनी बांधलेल्या प्रणाली सांभाळायला मिळतात. तिथे कुंपण घालण्याआधी आत काय आहे हे पाहावेच लागते.

अलार्मवरही भिस्त ठेवता येत नाही. काही तास हालचाल नसलेल्या क्यूची आकडेवारी क्लाउडवॉच या देखरेख सेवेकडे जाणेच थांबते आणि अलार्म ‘माहिती अपुरी’ असे सांगून स्वस्थ बसतो. क्यू रिकामी आहे की विसरली गेली आहे, हे त्यावरून कळत नाही. बिलावरूनही नाही, कारण एसक्यूएसचे पैसे विनंत्यांवर लागतात आणि पडून असलेली क्यू फुकट असते. याउलट मायक्रोसॉफ्टच्या अझूर सर्व्हिस बस या मेसेज सेवेच्या प्रीमियम स्तरात वापर असो वा नसो, तासाचे पैसे लागतात. तिथे विसरलेली वस्तू निदान बिलात तरी दिसते.

प्रतिसाद २ : महाल

मी अशी स्क्रिप्ट लिहून वर्षभर चालवली आहे, म्हणून दोन खड्डे दाखवतो. पहिला असा की एसक्यूएसला क्यूंची यादी मागताना कमाल संख्या दिली नाही, तर पहिल्या १,००० क्यू मिळतात आणि ‘पुढे आणखी आहेत’ असे सांगणारे टोकन मिळतच नाही. स्क्रिप्ट बिनचूक संपते आणि यादी अपुरी राहते. बरोबर १,००० हा आकडा मी कित्येक आठवडे अहवालात पाहत होतो आणि मला त्यात काहीच वावगे वाटले नव्हते.

दुसरा खड्डा अधिक घातक आहे. क्यूत काय पडले आहे हे पाहावे, या हेतूने आमच्या एका सहकाऱ्याने शोधणाऱ्या स्क्रिप्टला मेसेज उचलण्याची परवानगी दिली. उचललेला मेसेज ठरीव ३० सेकंद इतरांना दिसत नाही आणि त्याची प्रयत्नसंख्या एकाने वाढते. रोज रात्री नुसते डोकावून आम्ही चांगले मेसेज डेड लेटर क्यूच्या वाटेला लावत होतो. यंत्राने शोध घ्यावा याला माझा विरोध नाही, परंतु तो बंधनकारक करण्याआधी असा शोध घेणारे यंत्र बिनधोक कसे लिहायचे हे लोकांना शिकवावे लागेल.

धागा मांडणारे

महालकर, दुसरा मुद्दा मी जसाच्या तसा स्वीकारतो. यादी, गुणधर्म आणि टॅग (क्यूला जोडलेल्या माहितीच्या चिठ्ठ्या) वाचण्याची परवानगी पुरेशी आहे. त्यापलीकडची एकही देऊ नये.

प्रतिसाद ३ : मानेवाडा

मी बँकांच्या प्रणालींचे ऑडिट करते. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. त्या सहा तासांत कोणत्या टॉपिकवरून ग्राहकांची माहिती कोणाच्या सबस्क्रिप्शनकडे जात होती, हे शोधायला बसलात तर वेळ तिथेच संपते. माझ्या दृष्टीने क्यूपेक्षा सबस्क्रिप्शन महत्त्वाचे आहे, कारण माहिती बाहेर जाण्याची वाट तीच असते. रोजची नोंद याकरिताही हवी की काही वस्तू आपोआप नाहीशा होतात. गूगलच्या पब/सब या मेसेज सेवेत ३१ दिवस हालचाल नसलेले सबस्क्रिप्शन, मुदत बदललेली नसेल तर, आपणहून संपते. काल ते होते आणि आज नाही, हे कालची नोंद असेल तरच सांगता येते.

प्रतिसाद ४ : धरमपेठ

ताईंचा मुद्दा मला पटला; बदलांचा इतिहास कोडमधून पूर्ण मिळत नाही. तरी माझा मूळ आक्षेप शिल्लक आहे. यंत्र नाव शोधेल, रीजन शोधेल, बनवल्याची तारीखही शोधेल, पण क्यूचा मालक शोधू शकणार नाही. टॅग रिकामा असेल तर ‘टेस्ट-न्यू-२’ सापडूनही आपल्या चमूत तिच्याबद्दल कोणाला विचारले गेले असते?

धागा मांडणारे

प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर आम्हाला यंत्राबाहेरच द्यावे लागले. आता रात्रीच्या यादीत मालकाचा टॅग नसलेली जी क्यू येते, ती सकाळच्या बैठकीत त्या आठवड्याच्या ड्युटीवरच्या माणसाच्या नावावर चढते आणि खरा मालक सापडेपर्यंत तिथेच राहते. तो सर्वांत आधी तिची मुदत १४ दिवसांची करतो आणि तिच्यावर अलार्म बसवतो. डिलीट करण्याची परवानगी मात्र ना त्याला आहे, ना स्क्रिप्टला. या आठवड्यात माझी पाळी असून माझ्या नावावर तीन क्यू चढल्या. त्यातल्या दोन क्यूंचे मालक काल सापडले. तिसरीत ११ मेसेज पडून आहेत आणि ती कोणाची आहे हे आज मी पुण्याच्या चमूला विचारणार आहे.