मदत हवी आहे: पाव इंची रिळाच्या मशीनचं प्लेबॅक हेड झिजलंय, लॅप करावं (तोंड घासून नीट करावं) की नवं घडवावं?

रीळघर

कीर्तनं आणि नाट्यपदं असलेली सुमारे ६० रिळं संगणकावर उतरवायची आहेत. पाव इंची टेप, हाफ ट्रॅक मोनो (टेपच्या जवळपास निम्म्या रुंदीत एकच आवाजपट्टी). बहुतेक रिळं १९.०५ सेमी प्रति सेकंद वेगाची, थोडी ९.५ ची. मशीनचं प्लेबॅक हेड मूळचंच आहे, पर्मलॉयचं (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू). त्याच्या तोंडावर जवळजवळ ६ मिमी रुंदीचा सपाट, चकचकीत पट्टा पडलाय आणि टेपच्या कडा जिथून जातात तिथे नख अडकतं.

कॅलिब्रेशन टेपवर (ठरावीक पातळीचे सूर भरलेली टेप) १ किलोहर्ट्झच्या तुलनेत १० किलोहर्ट्झ ८ डीबी खाली येतं. एलसीआर मीटरवर १ किलोहर्ट्झला हेडचा इंडक्टन्स (गुंडाळीचं चुंबकीय माप) १२६ मिलिहेन्री दिसतो, सर्व्हिस मॅन्युअलमध्ये २०० दिलाय. या मॉडेलचं नवं हेड मिळत नाही. लॅपिंग करून भागेल का? आणि नाहीच भागलं, तर पुढची वीस वर्षं टिकेल असं हेड बनवून घ्यायला कोणता धातू, किती गॅप (तोंडावरची सिग्नल वाचणारी बारीक फट), तारेचे किती वेढे, हे कुणी नीट सांगू शकेल का?

मायक्रॉन

इंडक्टन्सचा आकडा दिलात ते फार बरं केलंत, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे. हेडचं आयुष्य म्हणजे गॅपची खोली. वरून धातू झिजत जातो तशी ती कमी होते, गॅपचा चुंबकीय अवरोध वाढतो आणि इंडक्टन्स उतरतो. अशा हेडमध्ये नवं असताना एकूण अवरोधापैकी साधारण ८५ टक्के गॅपचा धरा. २०० चे १२६ झाले म्हणजे एकूण अवरोध १.५९ पट झाला, त्यातून गॅपचा हिशोब काढला तर मूळ खोलीच्या जवळपास ६० टक्के शिल्लक आहे. मूळ खोली ०.४ मिमी असेल तर अजून ०.२४ मिमी उरलंय. हेड मेलेलं नाही.

मग १० किलोहर्ट्झ कुठे गेलं? १९.०५ च्या वेगाला १० किलोहर्ट्झची तरंगलांबी १९.०५ मायक्रॉन येते. टेप हेडपासून उचलली गेली की होणारी घट ५४.६ गुणिले अंतर भागिले तरंगलांबी, म्हणजे इथे दर मायक्रॉनला २.९ डीबी. तुमचे ८ डीबी सगळे यातूनच आले असतील तर टेप गॅपवर २.८ मायक्रॉन तरंगतेय. ते शक्यही आहे. गोल तोंडावर टेपचा ताण तिला हेडवर दाबतो. तोंड सपाट झालं की दाब पट्ट्याच्या दोन कडांवर जातो आणि मधे, नेमका गॅपवर, टेप सैल पडते.

खात्री करायला १० किलोहर्ट्झ वाजवत ठेवा आणि कानात घालायच्या कापसाच्या काडीने टेप गॅपच्या जागी अगदी हलकी दाबा. पातळी ५-६ डीबी उडी मारून वर आली तर दोष संपर्काचा. नाही आली तर अ‍ॅझिमथ बघा, म्हणजे गॅपची रेघ टेपच्या दिशेशी काटकोनात आहे का ते. तुमच्या २.५ मिमी ट्रॅकवर १० मिनिटांची (एका अंशाची ६० मिनिटं) चूक १० किलोहर्ट्झला २.२ डीबी खाते. आणि एक सावधगिरी: २६ मिनिटांच्या चुकीला पातळी शून्यावर जाते आणि त्याच्या पलीकडे पुन्हा वर येते. त्या खोट्या शिखरावर स्क्रू थांबवला तर सगळी रिळं बोदी उतरतील. म्हणून आधी १ किलोहर्ट्झवर जुळवा, मगच १० वर.

रीळघर

काडीने दाबल्यावर ६ डीबी वर आलं. अ‍ॅझिमथचा स्क्रू दोन्हीकडे थोडा फिरवून पाहिला, अर्धा डीबीसुद्धा मिळाला नाही.

मायक्रॉन

मग लॅप करा. तुमच्या हेडवर खरं काढायचंय ते गॅपवरचं नाही, टेपच्या बाहेरचे दोन खांदे आणि सपाट पट्ट्याच्या कडा. गॅपची खोली जवळपास तशीच राहते.

लॅपिंग फिल्म ऑप्टिकल फायबरचे कनेक्टर पॉलिश करणाऱ्यांकडे मिळते. ३०, ९, ३ आणि १ मायक्रॉन अशा चार घ्या. ६ मिमी जाडीची काच, ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, काळा मार्कर आणि २०० पट दाखवणारा मायक्रोस्कोप हवा. हार्डवेअरच्या दुकानातला पॉलिश पेपर नको. त्यातला एखादा मोठा कण गॅपवरून आडवा गेला तर चरा पडतो, आणि तो पुसायला पुढे शंभर घासे लागतात.

हेड काढण्याआधी त्याच्या पायाची जागा टोकदार सुईने कोरून ठेवा. मागच्या पिना टेपने झाका. तोंडावर मार्कर फासा, काचेवर ३० ची फिल्म ठेवा, अल्कोहोलने ओली करा आणि हेड टेपच्या दिशेने झुलवत घासा, म्हणजे एक घासा पूर्ण होताना तोंडाची सगळी गोलाई फिल्मवरून गेली पाहिजे. दहा घासे झाले की थांबून बघा. शाई कडांवरून गेली आणि गॅपपाशी राहिली तर बरोबर चाललंय. मधलीच शाई जात असेल तर तुम्ही झुलवत नाही आहात, नुसतं सपाट घासताय.

खांदे गेले, नख अडकायचं थांबलं की ३० लगेच सोडा. ९ ने गोलाई एकसारखी करा, मग ३, मग १, दाब जवळपास हेडच्या वजनाइतकाच. पर्मलॉय मऊ असतो. जाड दाण्याने त्याचा थर गॅपवर सारवला जातो आणि रेघ बुजते. २०० पटीत ३ मायक्रॉनचा गॅप ०.६ मिमी रुंद दिसतो. ती रेघ वरपासून खालपर्यंत सलग, दोन्ही कडा धारदार दिसेपर्यंत १ मायक्रॉनवरून उठू नका. दर वीस घाशांनी इंडक्टन्स मोजा. १२६ वरून १२० च्या खाली जायला लागलं तर गॅपवरचा धातू चाललाय, थांबा.

मग हेड पूर्ण डीमॅग्नेटाइझ करा (त्यात उरलेलं चुंबकत्व काढा), बसवा, पुन्हा मार्कर लावा आणि टाकाऊ टेप पाच मिनिटं चालवा. गॅपच्या दोन्ही बाजूंना शाई सारख्या रुंदीने पुसली गेली पाहिजे. नाही गेली तर हेड किंचित फिरवा. उंची आणि पुढे-मागे झुकाव आधी, अ‍ॅझिमथ सगळ्यात शेवटी.

लॅमिनेशन

नव्या हेडबद्दल मी लिहितो. सगळे पहिल्यांदा धातूची कठीणता विचारतात. साधा पर्मलॉय व्हिकर्स मापावर १२० च्या आसपास, सेंडस्ट ५००, मँगनीज-झिंक फेराइट (चुंबकीय सिरॅमिक) ६०० च्या वर. सेंडस्ट म्हणजे लोखंड, साडेनऊ टक्क्यांच्या आसपास सिलिकॉन आणि साडेपाच टक्क्यांच्या आसपास अ‍ॅल्युमिनियम. १९३६ च्या सुमाराला जपानमध्ये सेंडाई इथे हाकारू मासुमोतो यांनी तो शोधला. गुण चांगले, पण इतका ठिसूळ की त्याचा पातळ पत्रा लाटणं मुश्किल. फेराइट झिजत नाही, मात्र गॅपच्या धारेवर टवके उडतात. एक टवका गेला की तिथे गॅप दुप्पट रुंद. काचेने जोडलेले फेराइट हेड कारखान्यात होतात, छोट्या वर्कशॉपमध्ये नाही. तुम्हाला रेकॉर्डिंग करायचं नाही, फक्त वाजवायचंय, त्यामुळे पर्मलॉय पुरेल. निओबियम घातलेला कठीण पर्मलॉय मिळाला तर तोच घ्या, त्याची कठीणता साध्याच्या जवळपास दुप्पट असते.

०.१ मिमी पत्र्यातून दोन इंग्रजी सी आकाराचे अर्धे कापायचे. ही कामं भोसरीत वायरकटवर (तारेच्या ठिणगीने धातू कापणारं मशीन) होतात. कापल्यावर धातूची चुंबकीय क्षमता पार खाली येते, म्हणून कोरड्या हायड्रोजनमध्ये ११०० अंशांवर अ‍ॅनिलिंग (तापवून हळू थंड करणं) करावंच लागतं, आणि ते भट्टीवाल्याकडूनच. त्यानंतर पत्रा वाकवायचा नाही, पाडायचासुद्धा नाही. २.५ मिमी ट्रॅकसाठी एपॉक्सीची जाडी धरून २४ पत्रे.

माझा हिशोब असा. गॅप ३ मायक्रॉन, खोली ०.४ मिमी, मागच्या जोडाचं क्षेत्रफळ ७.५ चौरस मिमी आणि तिथेही तीच ३ मायक्रॉनची पट्टी, गाभ्याची लांबी २५ मिमी. दोन्ही पायांवर २५०-२५० वेढे, ०.०६ मिमी एनॅमल तारेचे. इंडक्टन्स ८२ मिलिहेन्रीच्या आसपास येतो, फ्रिंजिंगमुळे (गॅपच्या कडेला चुंबकीय रेषा बाहेर फुगतात) प्रत्यक्षात थोडा जास्त. तारेचा रोध ४० ओहमच्या आसपास. खोली निम्मी होईल तेव्हा मीटर ४६ दाखवेल. दोन्ही आकडे हेडच्या मागे कोरून ठेवा, वीस वर्षांनी मोजणाऱ्याला लागतील. दोन गुंडाळ्या अशा जोडायच्या की गॅपचा सिग्नल मिळवला जाईल आणि बाहेरचा ५० हर्ट्झ वजा होईल.

वेढे वाढवायचा मोह टाळा. १००० केले तर इंडक्टन्स चौपट होतो आणि केबलच्या २०० पिकोफॅरडशी त्याचा रेझोनन्स २० किलोहर्ट्झच्या आत येतो. ५०० ला तो ३९ वर राहतो.

सगळं काम खरं म्हणजे गॅपच्या दोन तोंडांत आहे. दोन्ही अर्धे एकाच फिक्श्चरमध्ये धरून ९, ३, १ आणि शेवटी ०.३ मायक्रॉनने घासा. मग सोडियमच्या दिव्याखाली वर ऑप्टिकल फ्लॅट (अगदी अचूक सपाट काच) ठेवून बघा. पिवळ्या-काळ्या रेघा दिसतील, त्यांच्यातलं एक अंतर म्हणजे ०.२९ मायक्रॉन. रेघा सरळ असतील तर तोंड सपाट. एक रेघ शेजारच्या रेघेपर्यंत वाकली तर तोंड तेवढ्याने फुगलंय, परत घासा. पत्र्यांच्या कडेला रेघा नेहमी वळतात, कारण फिल्म तिथे जास्त खाते. म्हणून आजूबाजूला त्याच पर्मलॉयचे टाकाऊ तुकडे चिकटवून घासा आणि मग ते काढून टाका.

गॅपमध्ये ३ मायक्रॉनची टायटॅनियमची फॉइल. कपॅसिटरमधला पॉलिएस्टर पातळ मिळतो, पण मऊ असतो, टेप त्याला खणते आणि खड्ड्यात ऑक्साइड भरतं. जुन्या हेडमध्ये बेरिलियम-कॉपरची पट्टी असू शकते. तिची धूळ फुप्फुसांना घातक आहे. त्यामुळे कुठलंही जुनं हेड कोरडं घासू नका.

भरायला हळू सुकणारं, कमी आकसणारं एपॉक्सी घ्या. पटकन सुकणारं आकसून पत्रे आवळतं आणि इंडक्टन्स एका रात्रीत उतरतो.

टिकण्यासाठी कठीण धातूपेक्षा जास्त उपयोगाची गोष्ट म्हणजे टेपच्या वरच्या आणि खालच्या कडेखाली तोंडावर अर्ध्या मिमीच्या दोन खाचा पाडणं. टेपची कड खाचेवर अधांतरी राहते, त्यामुळे खांदा तयारच होत नाही आणि हेड सगळीकडे सारखं झिजतं. तोंडाची त्रिज्या १० मिमी ठेवा आणि टेपचा वेढा एकूण १२ ते १४ अंश, म्हणजे स्पर्श दोन ते अडीच मिमीचा राहतो.

दमट_हवा

वरच्या दोघांनी सगळं सांगितलंय, त्यात एक जोडतो. झीज हवेतल्या ओलाव्याबरोबर वाढते. पावसाळ्यात किनारपट्टीवर आर्द्रता ८०-९० टक्के असते. तीच टेप, तेच हेड, पण झीज बरीच जास्त. खोली ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा, डीह्युमिडिफायरचा खर्च हेडच्या आयुष्यात निघतो. टेपचा ताणही स्प्रिंगच्या काट्याने मोजा, मॅन्युअलपेक्षा जास्त नको. संपर्क होत नाही म्हणून ताण वाढवणं हा हेड लवकर संपवायचा मार्ग आहे.

रीळघर

लॅपिंग झालं. इंडक्टन्स १२२, १० किलोहर्ट्झ आता १ डीबी खाली. ३० ची फिल्म ६० घासे, १ ची जवळपास २००. नव्या हेडचा हिशोब छापून ठेवलाय, पत्र्याची चौकशी सुरू केली आहे.

आता एक नवी अडचण. दोन रिळं वाजताना किंचाळतात आणि दोन मिनिटांत हेडवर तपकिरी राप बसतो. साफ करून पुन्हा तेच. ही ५४ अंशांवर भाजायची (ओलावा काढायला मंद तापवायची) का?

मायक्रॉन

आधी रीळ दिव्यासमोर आडवं धरून टेपच्या थरांतून बघा. प्रकाश आरपार आला तर टेप अ‍ॅसिटेट प्लास्टिकची आहे, ती अजिबात भाजायची नाही, उष्णतेने आकसून वाया जाईल. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ते रीळ बाकीच्यांपासून आजच वेगळं ठेवा.

प्रकाश आला नाही आणि टेपची मागची बाजू मॅट काळी असेल तर बाइंडरने (ऑक्साइड टेपवर धरून ठेवणारा थर) पाणी शोषलंय, असं धरायला हरकत नाही. मग ५४ अंश, ८ तास, तापमान नीट धरणाऱ्या इन्क्युबेटरमध्ये. स्वयंपाकघरातला ओव्हन नको, त्याचा थर्मोस्टॅट दहा-पंधरा अंश वरखाली जातो. रीळ धातूच्या चकतीवर आडवं, मधे एकदा उलटवायचं. नंतर तितकेच तास थंड होऊ द्या. एकदा पूर्ण पुढे आणि मागे गुंडाळा आणि त्याच आठवड्यात उतरवून घ्या, ओलावा परत शिरायला लागतो. भाजून होईपर्यंत ती दोन्ही रिळं नव्या लॅप केलेल्या हेडवर चढवू नका. राप साफ करताना हेडवर काडी टेपच्या दिशेनेच फिरवा.