बाग आणि बाजूची गल्ली : आपापल्या शहरातलं फिरणं सांगा

नमस्कार मंडळी. मागच्या वर्षी माझी साखर वाढली, डॉक्टर म्हणाले रोज तासभर चाला, तिथून हे सगळं सुरू झालं. बारा वर्षं मी संभाजीनगरात राहतोय, पण माझं शहर म्हणजे घर, ऑफिस आणि मधला रस्ता एवढंच होतं. आता दर रविवारी एक बाग धरतो आणि येताना तिच्या आजूबाजूच्या गल्ल्यांतून पायी घरी येतो. सुरुवात हिमायत बागेपासून केली. दिल्ली गेटजवळची ही बाग मोगलांच्या काळातली, सतराव्या शतकातली, आणि आता तिथं परभणीच्या कृषी विद्यापीठाचं फळ संशोधन केंद्र आहे. म्हणजे बाग म्हटल्यावर झोके, घसरगुंडी असं काही डोळ्यासमोर आणू नका, ही खरीखुरी झाडांची बाग आहे, आंबा, चिंच, जांभूळ, सीताफळ, पेरू. फेब्रुवारीत मोहोराचा वास एवढा दाटतो की पहिल्या दिवशी मी चालायचं सोडून नुसता उभाच राहिलो. तिथं रोज येणारे एक चाचा आहेत, पंचाहत्तरीचे तरी असतील, त्यांनी मला आत नेऊन शक्कर बावडी, म्हणजे तिथली जुनी विहीर, दाखवली आणि म्हणाले, "बेटा, पहले पानी देखो, बाग बाद में."

त्या दिवसापासून मी प्रत्येक बागेत आधी पाणी कुठून येतं ते बघतो. आपल्या मराठवाड्यात कुठलीही जुनी बाग घ्या, कुणीतरी कधीतरी तिथं पाणी आणायची खटपट केलेली असतेच.

बागेतून निघालं की समोर सलीम अली सरोवर. जुनं नाव खिजरी तलाव. पक्षीतज्ज्ञ सलीम अलींचं नाव त्याला नंतर दिलं. थंडीत सकाळी काठावर पाच मिनिटं गप्प उभं राहिलं तरी खूप काही दिसतं. पुढे दिल्ली गेटमधून आमखास, जुबिली पार्क करत भडकल गेट. हा दरवाजा मलिक अंबरनं १६१२ मध्ये बांधला आणि त्याच्या शेजारी आज रिक्षावाले सकाळचा चहा पीत उभे असतात. मग बुढी लेन, सिटी चौक आणि तिथून हवं तर शहागंज नाहीतर गुलमंडी. शहागंजकडे वळलो तर भट्टीतले गरम नान कागदात गुंडाळून घरी आणतो. गुलमंडीकडे वळलो तर सुपारी हनुमानाला नमस्कार, आणि इमरतीच्या दुकानासमोरून नजर खाली घालून निघतो, साखरेमुळे.

तर आता तुम्ही सांगा. नुसतं बागेचं नाव नको. जाता-येता कुठली गल्ली लागते, कुठं थांबता, कोण भेटतं ते लिहा.

बेगमपुऱ्याची लेक

दादा, हिमायत बागेपर्यंत आलात आणि आमच्याकडे वळला नाहीत! माझं माहेर बेगमपुरा. मकाई गेटातून खाम नदीचा पूल ओलांडला की आमचं जग सुरू. आमच्यासाठी बाग म्हणजे पाणचक्की. उन्हाळ्याच्या सुट्टीत घरात पंख्याची हवासुद्धा गरम लागायची, मग दुपारी अडीच-तीनला आई आम्हा तिघांना घेऊन तिथं जायची आणि हौदाच्या काठाला बसवायची. डोंगरातलं पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथवर आणलं, वर चढवलं आणि पडत्या पाण्यावर जातं फिरवलं, फकीर आणि यात्रेकरूंसाठी त्यावर पीठ दळायचे, हे सगळं आईनं आम्हाला तिथं बसूनच सांगितलं. ती चौथी शिकलेली होती पण हे सगळं तिला पाठ होतं. त्या मोठ्या हौदाच्या खाली एक दालन आहे, म्हणजे वर पाणी आणि खाली माणसं, हे कळल्यावर माझा धाकटा भाऊ किती दिवस तिथं यायलाच घाबरायचा, हौद फुटला तर म्हणायचा. जुन्या वडाखाली आम्ही घरून नेलेलं सुशीला, म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा उपमा, खायचो. लिंबू पिळलेलं, वरून शेंगदाणे.

आता मी पुण्यात असते. माहेरी गेले की पहिल्या संध्याकाळी मुलीला घेऊन बीबी का मकबऱ्याच्या मागच्या बाजूनं पायी निघते. पाऊस पडून गेलेला असेल तर मागचे डोंगर एवढे जवळ वाटतात. खामच्या काठाचं काम झाल्यापासून पुलावर थांबून खाली बघावंसंही वाटतं, आमच्या लहानपणी नाक दाबून पळायचो तिथून. आई गेल्या वर्षी गेली. मी अजून हौदाच्या त्याच कोपऱ्यात बसते.

गोलाईवाला

लातूरकर हाजीर. आमच्याकडं बाग आणि बाजार वेगळा काढता येतच नाही, कारण शहरच एका गोलाभोवती आहे. गंजगोलाई १९१७ ची, मधोमध अंबाबाईचं देऊळ आणि सोळा रस्ते सोळा दिशांना गेलेले, नियोजन फैयाजुद्दीन यांचं. नवा माणूस आला की दोनदा तरी त्याच दुकानासमोर येतो, मग आम्ही सांगतो देवळाकडं पाठ करा आणि रस्ते मोजा. सराफा, चपला, कापड, भांडी, एकेका रस्त्याचा वास वेगळा, मिरचीच्या बाजूला गेलं की आधी शिंक येते मग दुकान दिसतं. माझे आजोबा आठवड्याच्या बाजाराला बैलगाडी घेऊन यायचे, वडील सायकलवर, मी आता गाडी लांब लावतो आणि पायीच फिरायलोय, कारण गोलाईत गाडी घालणं म्हणजे अर्धा तास गेला.

पण पाण्याचं तुम्ही काढलंत म्हणून लिहितो. मी नाना-नानी पार्कात रोज संध्याकाळी जाणारा माणूस. २०१६ च्या उन्हाळ्यात ते हिरवळीचं पिवळं आणि पिवळ्याचं मातीगत होताना बघितलं. तेव्हा एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या गाडीला दहा वॅगन, पाच लाख लिटर. आमच्या घरी टँकर कधी आठ दिवसांनी कधी दहा दिवसांनी. तसल्या दिवसांत एक आजी रोज पार्कात यायच्या, त्यांच्या पिशवीत एक लहान बाटली असायची, घरी भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी, आणि त्या बाकाजवळच्या एका कडुलिंबाच्या रोपाला घालायच्या. मी एकदा विचारलं, आजी एवढ्यानं काय व्हायलंय. त्या म्हणाल्या, "त्याला काय म्हाईत आपल्याकडं किती हाय." मला पुढं बोलता येईना. दुसऱ्या दिवसापासून मीबी बाटली न्यायलो. आम्ही दोघं, मग एक रिटायर गुरुजी, मग शाळेतली दोन पोरं, असे सहा-सात जण झालो. ते झाड आता माझ्या डोक्याच्या वर गेलंय. आजी आहेत अजून, गुडघ्यामुळं येणं होत नाही, पण महिन्यातून एकदा त्यांना झाडाचा फोटो दाखवून येतो.

सिडकोवाली

जुन्या शहराचं सगळेच लिहितात, संभाजीनगरातल्याच आमच्या सिडकोचं मीच लिहिते. कॅनॉट. मधे बाग आणि चहूबाजूंनी दुकानं. सकाळी आजी-आजोबांचा हास्य क्लब, दुपारी क्लासची पोरं बाकांवर गणितं सोडवत बसलेली, संध्याकाळी लेकरं आणि त्यांच्यामागे धावणाऱ्या आया. मी लग्न होऊन आले तेव्हा इथं कुणालाच ओळखत नव्हते, माझ्या पहिल्या दोन मैत्रिणी याच बागेतल्या, तिघींची बाळं एकाच वयाची होती. आता ती बाळं दहावीला आहेत. पाण्याचं म्हणाल तर आमच्याकडेही नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हिरवळ दिसली की मी खरंच खुश होते.

परभणीकर

जगात जर्मनी, भारतात परभणी! राजगोपालाचारी उद्यान, तिथून गांधी पार्क (नाव पार्क, पण आहे भरबाजार), तिथून कच्छी बाजार. हा माझा संध्याकाळचा ठरलेला रस्ता. आणि फेब्रुवारीत आलात तर तुराबुल हक बाबांचा ऊरूस. २ तारखेपासून सुरू होतो, सगळं गाव तिकडं लोटतं, हिंदू-मुसलमान कोण कोण ते कळत नाही गर्दीत. आम्ही पाळण्यात बसायला म्हणून जायचो आणि खाऊन यायचो. बाकी विद्यापीठाचा परिसर आहेच, सकाळी चालायला त्याच्यासारखी जागा नाही, दोन्हीकडं झाडं आणि मधे शेतं.

गोदाकाठ

नांदेड. आमच्याकडं पाणी आणायला लागत नाही, गोदावरीच आहे. मी वजिराबादमध्ये वाढलो. सकाळी नगिना घाट, तिथून सचखंड साहिब गुरुद्वाऱ्यात माथा टेकायचा, लंगरमध्ये बसायचं. लहानपणी मी बहुतेक रविवारी तिथंच जेवलेलो आहे, आई विचारायची पण नाही. संध्याकाळी गोबिंद बागेत लेझर शो, पाहुणे आले की त्यांना नेणं ठरलेलं. २००८ मध्ये गुरु-ता-गद्दीला, म्हणजे गुरु ग्रंथसाहिबांना गुरुपद दिलं त्याला, तीनशे वर्षं झाली तेव्हा शहराचे रस्ते रुंद झाले, घाट बांधले गेले, आमची जुनी गल्ली त्यात अर्धी गेली. वाईट वाटलं तेव्हा, आमच्या ओसरीसकट गेली. पण त्याच रुंद रस्त्यावरून आता माझे वडील काठी टेकत घाटापर्यंत जाऊ शकतात, हे पण खरं आहे.

दिवाळी पहाटेला बंदाघाटावर नक्की या. अंधार असतो, थंडी असते, घाटाच्या पायऱ्यांवर सगळं नांदेड नवीन कपड्यांत बसलेलं, समोर गाणं चालू, आणि गाता गाता नदीवर उजेड होतो. मी दोन वर्षं नोकरीसाठी हैदराबादला होतो, दिवाळीला सुट्टी मिळाली नाही तेव्हा भावानं फोन चालू ठेवून घाटावर धरला होता. आवाज नीट येत नव्हता, तरी ठेवला नाही मी.

जालनेकर

आमची मोतीबाग, मोती तलावाच्या काठाला. थोडक्यात सांगतो, संध्याकाळी सहाला या, तळ्यावरून वारा येतो, दिवसभर लोखंडाच्या कामात राबलेली माणसं लेकरांना घेऊन आलेली असतात. चुरमुऱ्यांचा भत्ता खायचा आणि बसायचं.

धागाकर्ता

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. गोलाईवाले, तुमच्या आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं वाचल्यापासून मीपण हिमायत बागेत जाताना बाटली नेतो, बाहेरच्या भिंतीलगत एक करंज आहे, कुणीतरी लावून विसरलेला. चाचांना दाखवला तर त्यांनी खाली बसून मुळाशी आळं करून दिलं, हातानंच.

बेगमपुऱ्याच्या ताई, या रविवारी तुमच्या रस्त्यानं गेलो. मकाई गेट, पूल, पाणचक्की. जाताना बायकोलाही नेलं. हौदाचा तुमचा कोपरा कुठला ते नीट सांगा, डावीकडचा की वडाच्या बाजूचा? आम्ही दोन्हीकडे बसून आलो.